विकत, फुकट आणि आजीवन
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

माझं भाषण जेवणाच्या आधी ठेवलंय आणि आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा माझी मर्यादा मला ठाऊक आहे. समितीने विषय दिला होता, 'यंदा कुठली गॅजेट्स घ्यावीत?' त्याचं उत्तर मी नंतर पार्किंग लॉटमध्ये देतो. इथे मात्र मला त्या गॅजेटच्या खोक्यावर आणि पडद्यावर छापलेल्या इंग्रजीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या इंग्रजीला इथले लोक गालातल्या गालात हसतात. 'प्रीपोन' म्हटलं की हसतात, 'डू द नीडफुल' लिहिलं की हसतात. पण मला सांगा, मीटिंग प्रीपोन झाली म्हणजे नक्की काय झालं, यात कुणाला शंका आहे का? अलीकडे ओढली, बास! उलट ज्यांची ही मायबोली आहे त्यांचं बघा. एखादा विषय 'टेबल' करायचा म्हटलं, की ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेतात आणि अमेरिकेत तोच बाजूला ठेवतात. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक! भाषा म्हटली की अशा गमती असायच्याच. पण हाच दुहेरी अर्थ एखाद्या बटणावर येऊन बसतो, तेव्हा त्याचे पैसे आपण भरतो.

'फ्री' हा शब्द घ्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८० च्या दशकात 'फ्री सॉफ्टवेअर'ची चळवळ सुरू केली. त्यांना आयुष्यभर समजावून सांगावं लागलं, की बाबांनो, हे फ्री म्हणजे स्वातंत्र्य, चकटफू नव्हे. मराठीत ही अडचणच नाही. आपल्याकडे 'मुक्त' वेगळं आणि 'फुकट' वेगळं. आणि 'फुकट' म्हटलं की आपल्या कानाला लगेच वास येतो, की यात काहीतरी गोम आहे! 'फ्री' म्हटलं की येत नाही.

दुसरा शब्द 'बाय'. २००९ सालच्या जुलैमधली गोष्ट. काही लोकांनी ॲमेझॉनच्या किंडलवर जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं 'बाय' केली होती. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे उघड झाल्यावर कंपनीने ती पुस्तकं लोकांच्या हातातल्या यंत्रांवरून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पुसलेल्या पुस्तकांपैकी एक होतं '१९८४', म्हणजे सरकार नको असलेले कागद गायब करतं, त्याचीच गोष्ट! पण विनोद बाजूला ठेवा. दुकानदार रात्री आपल्या घरात शिरून पुस्तक उचलून नेतो आणि टेबलावर पैसे ठेवून जातो, याला आपण खरेदी म्हणू का?

याला मराठीत, निदान पुण्या-मुंबईच्या मराठीत, अगदी नेमका शब्द आहे. 'लिव्ह अँड लायसन्स'! अकरा महिन्यांचा करार. तुम्ही राहा, वापरा, भिंतीला खिळा मात्र विचारून ठोका. भाड्याने राहणारा मनुष्य गावभर 'मी फ्लॅट घेतला' म्हणून पेढे वाटत नाही. किंडलवर, सिनेमांच्या आणि गेम्सच्या दुकानांत आपण बहुतेक वेळा घेतो ते हेच लायसन्स, फक्त बटणावर लिहिलेलं असतं 'बाय'. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. माल पुढे काढून घेता येण्यासारखा असेल, तर हे केवळ लायसन्स आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय तिथे 'बाय' म्हणायला बंदी आहे. एका शब्दासाठी कायदा करावा लागला!

तिसरा शब्द 'अनलिमिटेड'. एटी अँड टी कंपनीने अनलिमिटेड डेटा विकला, आणि ठरावीक वापर झाला की लोकांचा वेग इतका कमी केला की व्हिडिओ बघणं अशक्य व्हावं. काहींच्या बाबतीत ही रेषा महिन्याला २ जीबी इतकी खाली होती. एफटीसीने २०१४ साली खटला भरला आणि २०१९ साली ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीचं म्हणणं काय, तर आम्ही डेटा कुठे बंद केला? फक्त हळू केला. म्हणजे पंगतीत 'पोटभर जेवा' म्हणायचं आणि दुसऱ्या वाढपानंतर एकेक शीत वाढायचं.

चौथा 'लाइफटाइम'. रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातले दिवे-कुलपं फोनवरून चालवणारं ३०० डॉलरचं यंत्र होतं, आजीवन सेवेसकट. कंपनी २०१४ साली नेस्टने विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली. यंत्र चांगलं होतं, मालक जिवंत होते, घरं उभी होती. 'आजीवन' म्हणजे कुणाचं जीवन, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता एक घरचा प्रसंग सांगतो. माझे वडील साताऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून होते. जन्म गेला खरेदीखतं आणि गहाणखतं वाचण्यात. त्यांची बायपास झाल्यावर मी त्यांना हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेतलं. मी इथे, ते तिथे. रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बाबा सहा महिन्यांसाठी इथे आले तेव्हा घड्याळ सुरू करायला बसलो. पडद्यावर 'आय ॲग्री' आलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही हे दाबा." बाबांनी चष्मा लावला आणि विचारलं, "यात लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अरे, प्रत्येक दस्तात दोन माणसं असतात. कागद कंपनीचा, अटी कंपनीच्या, आणि अंगठा माझा. म्हणजे लिहून देणार मी. मग माझ्या छातीचे ठोके मी कुणाला लिहून देतोय, तेवढं वाचून दाखव."

त्या रात्री दीड तास मी तो मजकूर त्यांना मराठीत सांगत होतो. इंग्रजीत गुळगुळीत वाटणारी वाक्यं मराठीत आली की टोचायला लागायची. 'वुई व्हॅल्यू युवर प्रायव्हसी' हे वाक्य आलं. 'व्हॅल्यू'चे अर्थ दोन, कदर करणे आणि किंमत ठरवणे. बाबा म्हणाले, "यांनी दुसरा घेतलेला दिसतोय." शेवटी आत खोल कुठेतरी दोन बटणं सापडली, एक जाहिरातींसाठी आणि एक 'भागीदार' कंपन्यांसाठी. दोन्ही आधीपासून चालू होती. ती बंद केली आणि मग बाबांनी संमती दिली. घड्याळ आज त्यांच्या मनगटावर आहे आणि मला झोप लागते. तेव्हा मी तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलत नाहीये, हे लक्षात घ्या.

सगळ्या कंपन्या लबाड असतात असंही मी म्हणत नाही. मीही त्यांच्याच पगारावर जगतो. पण विश्वास बिघडतो तो बऱ्याचदा यंत्रामुळे नाही, शब्दांमुळे. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. चूक अगदी बारीक होती. इंटेलने आधी सांगितलं, की सामान्य माणसाला ती २७,००० वर्षांत एकदा दिसेल आणि गरज सिद्ध केलीत तरच चिप बदलून देऊ. हिशेब मांडण्याचा तो एक मार्ग होता, पण लोक भडकले. डिसेंबरमध्ये इंटेलने माफी मागितली आणि मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पण पुढची कित्येक वर्षं लोक इंटेलचं नाव बघूनच कॉम्प्युटर घेत राहिले. सरळ शब्द महाग पडतो, पण टिकतो.

म्हणून दोन विनंत्या. पहिली सगळ्यांना. बटण दाबण्याआधी ते मनात मराठीत वाचा आणि तीन प्रश्न विचारा. लिहून देणार कोण? मुदत कुणाच्या आयुष्याची? आणि उद्या कंपनीने दुकान बंद केलं, तर माझ्या हातात काय उरतं? तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असेल, तर निदान मुलांच्या फोटोंची एक प्रत घरातल्या डिस्कवर ठेवा.

दुसरी विनंती माझ्यासारख्या आयटीवाल्यांना. ही बटणं कुणी देव बनवत नाही, या हॉलमधले निम्मे लोक बनवतात! एका क्लायंटकडे 'डिलीट' दाबलं की माहिती फक्त पडद्यावरून जायची, सर्व्हरवर तशीच राहायची. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "मग बटणावर 'हाइड' लिहू या." पाच मिनिटं शांतता पसरली. तीन आठवड्यांनी बटण बदललं. फार मोठं काम नव्हे. पण ते बटण दाबणाऱ्याला आपण काय केलं आणि काय केलं नाही, हे आता कळतं. तुमच्या गावी एकटे बसलेले आई-वडील तुमच्या कंपनीचं बटण दाबणार आहेत असं समजून त्यावरचा शब्द लिहा, एवढंच मागणं आहे.

मसालेभात खरोखर फुकट आहे, त्यात गोम नाही. बसून घ्या.