पेणचे पोहे, भिऱ्याचं पाणी आणि उलटं फिरणारं चाक

आज विषय आहे वीज साठवण्याचा. त्यासाठी आपण दोन ठिकाणी जाणार आहोत. एक रोह्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. दुसरं तुमच्या पेशींच्या आत. दोन्हीकडे एकच यंत्र सापडतं, म्हणून हा खटाटोप.

सकाळी पोहे खाल्ले असतील, तर तिथून सुरू करू. पेणचे असतील तर उत्तमच. पेण म्हटलं की सगळ्यांना गणपती आठवतात, पण पोहे-पापडांचं पेणही तितकंच खरं आहे. तर त्या पोह्यांमधल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं, ते पेशीत शिरतं, तुटत तुटत त्याचे तुकडे मायटोकाँड्रियापर्यंत पोचतात. 'मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाघर' हे आपण सगळ्यांनी दहावीपर्यंत कधीतरी पाठ केलंय. एक मार्क मिळाला, विषय संपला. पण हे ऊर्जाघर कसलं, कोळशाचं की अणूचं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. तर ते आहे जलविद्युत केंद्र. धरण, बोगदा, चाक, सगळं काही असलेलं.

आधी खरं धरण बघू. मुळशीचं धरण मुळा नदीवर, म्हणजे घाटमाथ्यावर पुणे जिल्ह्यात. हे पाणी स्वभावाने पूर्वेला जाणारं. मुळा, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत ते बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी ते डोंगर फोडून पश्चिमेला वळवलं. पाइपांमधून साधारण पाचशे मीटर खाली उतरून ते भिऱ्याच्या वीजकेंद्रात चाकं फिरवतं. खोपोली 1915, भिवपुरी 1922 आणि भिरा 1927, असा टाटांच्या जुन्या तीन केंद्रांचा क्रम. तिन्ही आपल्या रायगडात, वीज मात्र मुंबईसाठी. भिऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं. कोलाडला राफ्टिंग करून आला असाल, तर तुमची बोट ह्याच पाण्यावर उडत होती. केंद्रातून पाणी सुटतं त्या वेळा बघून तिथलं राफ्टिंग चालतं. पुढे हीच नदी रोह्यावरून, धाटावच्या एमआयडीसीजवळून रेवदंड्याच्या खाडीत जाते.

आता एक छोटा हिशोब, कारण हिशोबाशिवाय वीज कळत नाही. गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाचशे मीटर खाली आणली, तर साधारण सव्वा युनिट वीज मिळते. तुमचा फोन एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण पंधरा-सोळा लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली आणावं लागेल. एक मोठी बादली समजा. मला हा आकडा फार आवडतो. चार्जर लावताना बादली दिसायला लागते.

आता पेशीत शिरू. 1961 साली पीटर मिचेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली, आणि बरीच वर्षं जाणकार लोक त्याच्याशी भांडत राहिले. तोवर सगळे असं एखादं रसायन शोधत होते, जे अन्नातली ऊर्जा हातोहात पुढे देईल. ते काही सापडत नव्हतं. मिचेल म्हणाला, असं रसायन नाहीच. पेशी अन्नातल्या ऊर्जेने प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, एका पडद्याच्या पलीकडे ढकलते. पलीकडे गर्दी होते, अलीकडे तुटवडा. झालं धरण. मग ते प्रोटॉन एका अरुंद वाटेने परत येतात आणि येताना काम करून जातात. हा माणूस नंतर कॉर्नवॉलमधल्या एका पडक्या हवेलीची डागडुजी करून तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा चालवत होता. 1978 साली त्याला एकट्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ह्या पडद्याची जाडी साधारण पाच नॅनोमीटर, आणि दोन बाजूंमध्ये विजेचा फरक दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण इतक्या पातळ भिंतीवर तेवढा फरक म्हणजे एका मीटरला तीन कोटी व्होल्टच्या हिशोबाने ताण. तुमच्या अंगातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींत ही भिंत आत्ता, हे ऐकताना, उभी आहे.

आणि त्या अरुंद वाटेवर काय आहे? चाक. शब्दशः चाक. ह्या यंत्राचं नाव एटीपी सिंथेस. प्रोटॉन आत येताना त्याची कडी फिरते, मधला दांडा फिरतो, आणि दुसऱ्या टोकाला एटीपी तयार होतं. आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये आठ प्रोटॉन गेले की एक फेरा पूर्ण, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. सेकंदाला शंभराच्या वर फेरे होऊ शकतात. एटीपीला पेशीतलं चलन म्हणतात. चलनावरून आठवलं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख हे रोह्याचे, आणि केंब्रिजला त्यांनी बक्षीस मिळवलं होतं ते वनस्पतिशास्त्रात! म्हणजे पेशी आणि चलन हे दोन्ही विषय रोह्याला नवे नाहीत. असो.

हे चाक खरंच फिरतं का, हे 1997 साली जपानी शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी चाकाच्या दांड्याला चमकणाऱ्या प्रथिनाचा एक धागा चिकटवला, वर सूक्ष्मदर्शक लावला आणि एटीपी घातलं. धागा गरगर फिरायला लागला. आता इथे नीट लक्ष द्या. त्यांनी एटीपी घातलं, म्हणजे चलन खर्च करून चाक फिरवलं. चाक उलटं चाललं होतं. पुढे 2004 मध्ये दुसऱ्या प्रयोगात चुंबक लावून तेच चाक सुलट्या दिशेने फिरवलं, तर एटीपी तयार झालं. एकच यंत्र, दोन दिशा. एका दिशेने कमावतं, दुसऱ्या दिशेने खर्च करतं.

आणि हेच आपल्या भिऱ्यात आहे. तिथे 25 मेगावॅटचे सहा जुने संच आहेत. शिवाय नव्वदच्या दशकात 150 मेगावॅटचा एक वेगळा संच बसवला, तो उलटाही चालतो. मागणी असेल तेव्हा पाणी खाली, वीज बाहेर. वीज जास्त झाली की तीच वीज वापरून पाणी परत वर. ह्याला पंप्ड स्टोरेज म्हणतात, आपण उदंचन म्हणू. हा संच तासभर पूर्ण ताकदीने चालला तर साधारण साडेबारा कोटी लिटर पाणी खाली येतं. एवढी वीज साठवायला किती बॅटऱ्या लागतील, ह्याचा विचार करा.

आता कमी कार्बनची गोष्ट, आणि माझा खरा मुद्दा. उदंचन एक युनिटही वीज निर्माण करत नाही. उलट खातं. शंभर युनिट घालून पाणी वर चढवलं, तर परत मिळतात पंचाहत्तर-ऐंशी. मग हिरवी वीज कशी म्हणायची? ते पंप कोणाच्या विजेवर चालला, ह्यावर ठरतं. आपल्याकडे कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रात्री कोळशाची वीज लावून पाणी चढवलं आणि संध्याकाळी उतरवलं, तर हाती आलेल्या युनिटमागे सव्वा किलोच्या पुढे जातो. म्हणजे धूर जास्त. तेच पाणी दुपारी बाराला सौर विजेवर चढवलं, तर संध्याकाळी सात वाजता अख्खं शहर टीव्ही-एसी लावतं तेव्हा ती दुपारची उन्हं परत मिळतात. संच तोच, पाणी तेच, डोंगर तोच. घड्याळ बदललं की त्याची जातकुळी बदलते. त्यामुळे 'आमचा प्रकल्प हरित आहे' असं नुसतं म्हणणं मला अर्धवट वाक्य वाटतं. किती वाजता, हे सांगा की.

पेशीपुढे हाच प्रश्न जीवनमरणाचा असतो. समजा हृदयाचा रक्तपुरवठा तुटला. प्राणवायू संपला, प्रोटॉन ढकलणं थांबलं, धरण रिकामं व्हायला लागलं. आता एटीपी सिंथेस काय करेल? उलटं फिरायला लागेल. उरलंसुरलं एटीपी जाळून धरण भरत बसेल. घर जळत असताना टाकी भरण्याचा उद्योग! ह्यावर पेशीकडे एक खीळ आहे. आयएफ-वन नावाचं छोटं प्रथिन. प्राणवायूच्या तुटवड्यात आतलं वातावरण आम्लधर्मी झालं की ते जागं होतं आणि चाकात जाऊन अडकतं. उलटी दिशा बंद. 2019 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या हृदयातलं हे यंत्र गोठवून, इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाने त्याचं चित्र काढलं. चार-चार चाकं एकत्र जोडलेली, आणि त्यांना धरून बसलेली ही खीळ त्यात दिसते. म्हणजे पेशीने उलटं फिरणारं यंत्र तर बनवलंच, पण ते कधी उलटं फिरायचं नाही ह्याचा बंदोबस्तही यंत्रातच केला. आपल्या ग्रिडमध्ये हा बंदोबस्त करारात आणि वीजदरात करावा लागतो. तिथे प्रथिन आपोआप जागं होत नाही.

आता हे आज का बोलायचं? कारण रायगडात असे आणखी प्रकल्प येऊ घातलेत. 2023 मध्ये राज्य सरकारने सामंजस्य करार केले. टाटांचा भिवपुरीचा 1000 मेगावॅटचा, टोरेंटचा कर्जतचा 3000 मेगावॅटचा, एनएचपीसीच्या यादीत सावित्री 2250 मेगावॅट. बातम्यांमध्ये फक्त मेगावॅट छापून येतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मेगावॅट म्हणजे नेटचा स्पीड. डेटा पॅक किती जीबीचा, हे कोण सांगणार? 3000 मेगावॅट दोन तास देणं वेगळं आणि आठ तास देणं वेगळं. तास वाढले की तलाव मोठा, तलाव मोठा की बुडणारी जमीन जास्त. गावाच्या दृष्टीने खरा आकडा तो आहे.

आणि जमिनीचा विषय निघाला की मुळशीला टाळून पुढे जाता येत नाही. आज ज्या विजेला आपण स्वच्छ म्हणतो, तिच्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. 1921 च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते, तुरुंगात गेले. 1924 पर्यंत लढा चालला आणि धरण झालंच. ती गावं बुडाली म्हणून गेली शंभर वर्षं मुंबईला बिनधुराची वीज मिळतेय. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही. शिवाय आता तेच पाणी परत पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात वळवा अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य झाली तर कुंडलिकेचं काय, कोलाड-रोह्याच्या शेतीचं आणि नळाचं काय? ह्या नदीला उन्हाळ्यात जे पाणी दिसतं, ते बरंचसं भिऱ्यातून आलेलं असतं.

पेशीतली आणखी एक गोष्ट मला ह्या बाबतीत अस्वस्थ करते. मायटोकाँड्रियाचा आतला पडदा घड्या घातलेला असतो. पूर्वी समज होता की ह्या सगळ्या घड्या मिळून एकच धरण. 2019 साली एका संशोधनात दिसलं की एकाच मायटोकाँड्रियातल्या वेगवेगळ्या घड्यांमध्ये विजेचा दाब वेगवेगळा असतो. एक घडी फुटली तरी शेजारची आपला दाब धरून ठेवते. म्हणजे ती एक मोठी टाकी नसून छोट्या छोट्या टाक्यांची चाळ आहे. आता आठवा 12 ऑक्टोबर 2020. सोमवारची सकाळ, अख्खी मुंबई अंधारात, लोकल रुळांवर उभ्या. बाहेरचं ग्रिड पडलं तर मुंबईने स्वतःला बेटासारखं वेगळं काढून चालू राहायचं, अशी व्यवस्था अनेक वर्षं होती. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. पेशीत मात्र अशी बेटं कितीतरी असतात.

मग सगळं छोटंच करायचं का? मला नाही वाटत. पाचशे मीटरचा कडा ही सह्याद्रीने दिलेली चीज आहे, तिच्याशी गच्चीवरची बॅटरी स्पर्धा करू शकत नाही. पण वीज साठवण्याच्या आधी एक स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे दुपारची वीज दुपारीच वापरणं. त्यात पंचवीस टक्के गळती नाही, बुडणारं खाचर नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचे कंप्रेसर आणि पावसाळ्यात मूर्ती वाळवायचे पंखे चालतात. त्यातला जमेल तेवढा भार संध्याकाळी सातऐवजी दुपारी एकला गेला, तर भिऱ्याचं तेवढं पाणी वर चढवायची गरजच उरत नाही. स्मार्ट मीटर असेल तर घरगुती ग्राहकांनाही आता दिवसाच्या विजेवर सवलत आहे, बिलावर बघून घ्या.

आणि तुमच्या तालुक्यात अशा प्रकल्पाची ग्रामसभा लागली, तर जा. तीन गोष्टी विचारा: पाणी किती वाजता वर चढणार, ती वीज कुठून येणार, आणि पूर्ण ताकदीने किती तास मिळणार. काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात आपण ती उत्तरं ऐकू.