पाणलोटाचे रक्षण : हैदराबादच्या दोन जलाशयांची कथा



अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘जीवन’ आहे, तसेच ‘वन’ही आहे. अरण्य आणि उदक या दोहोंस एकच शब्द, हा कोशातील योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु हैदराबादच्या तलावांची कथा पाहिली की त्या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते.

सप्टेंबर १९०८ मध्ये मूसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले, आणि त्यांच्या योजनेतून मूसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पूर आवरला, शहराची तहानही भागली.

वस्तुतः तलावातील पाणी तलावात निर्माण होत नाही. वरच्या रानावर, शेतांवर, वस्त्यांवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी तेथे येतो आणि वाटेत भेटेल ते बरोबर आणतो. उतारावर गवत व झाडोरा असेल तर पाणी मंदावते, मुरते, गाळ मागे राहतो. जमीन उघडी पडली की मातीच वाहू लागते. तिच्यासवे खतातील स्फुरद येते, शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे तडफडतात. कारखान्याची विरघळलेली रसायने तर तुरटी-क्लोरीनला बहुधा दाद देत नाहीत.

म्हणूनच आंध्र सरकारने १९९६ साली १११ क्रमांकाचा आदेश काढून तलावांभोवती १० किलोमीटरांत, ८४ गावांच्या हद्दीत, प्रदूषणकारी कारखाने, मोठी हॉटेले व वसाहती यांस मनाई केली. एरंडेलाच्या एका कारखान्यास सरकारनेच पुढे सवलत देऊ केली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती अमान्य केली. अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार कारखानदारावरच, असे तत्त्व त्या प्रकरणात मांडले गेले, आणि ते न्याय्यच होय.

गावकऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र खोटे नव्हते. पाणी शहराने प्यावे आणि निर्बंध गावाने सोसावेत, ही वाटणी विषमच. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारान्वये कॅट्स्किल डोंगरांतील शेतकऱ्यांस व गावांस पाणलोट राखण्यासाठी पैसा दिला. तो मार्ग येथे विचारात घेण्याजोगा होता.

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने निर्बंध उठविले. शहरास आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, हे कारण. दूरचे पाणी आले म्हणून घरची विहीर कोणी बुजवितो काय? तलावांच्या पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये, अशी अटही त्याच आदेशात आहे. ती पाळली जाते की नाही, हे उतारावरच्या प्रत्येक नव्या इमारतीचे सांडपाणी कोठे जाते यावरून ठरणार आहे.