मोठ्या गाडीला टायर कोणते घ्यावेत?



नगरहून सकाळी निघालेली एखादी एसयूव्ही दुपारपर्यंत तीन तऱ्हेचे रस्ते पाहून येते. आधी वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम झालेला मनमाड रस्ता, मग कोपरगावजवळ समृद्धी महामार्गाचं काँक्रीट आणि ताशी 120ची मुभा, शेवटी पाहुण्यांच्या वस्तीकडे वळणारी काळ्या मातीची गाडीवाट. टायर तेच. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचे दाखवू?’ आणि गाडीवालाही तिथूनच सुरुवात करतो.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. पुढे अपघातांच्या कारणांत टायर फुटल्याचं इतक्या वेळा आलं, की परिवहन विभागाला टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत धाडल्या गेल्या. पारावर सगळा दोष काँक्रीटला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा टायरच्या आत असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून तापते, आणि मे महिन्यातल्या उन्हात तासभर तसंच पळवलं तर आतले थर सुटू लागतात. म्हणून टायर नवे असोत की जुने, हवा सकाळी गाडी थंड असताना भरावी. किती भरायची, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

खरेदीला गेल्यावर टायरच्या बाजूवरचे आकडे वाचावेत. क्रेटाच्या वरच्या मॉडेलवर 215/60 आर 17 असं असतं. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 17 इंची. त्यापुढे 96 एच असेल तर एक टायर 710 किलो पेलतो आणि ताशी 210 किलोमीटर वेग सोसतो. स्वस्त मिळतो म्हणून याहून कमी आकड्याचा टायर घेणं म्हणजे लग्नाला सात माणसं आणि आहेराची पोती भरून निघताना डोळे मिटून बसणं.

तरुण मंडळींना मोठ्या रिमची हौस असते. एक्सयूव्ही 700 मध्ये कंपनीने स्वतःच दोन मापं दिली, 235/65 आर 17 आणि 235/60 आर 18. दोन्हींचा एकूण व्यास जवळपास सारखाच, सुमारे 740 मिलिमीटर. फरक रबराच्या उंचीत आहे. पहिल्यात ती सुमारे 153 मिलिमीटर, दुसऱ्यात 141. राहुरीजवळच्या एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की हे बारा मिलिमीटर रिम वाचवतात आणि टायरला फुगा येण्याचा धोकाही कमी करतात. नगरकरांनी दिखाव्यापेक्षा सतरा इंचीच बरी मानावी.

खोल, आडव्या-तिडव्या नक्षीचे एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर दिसायला रुबाबदार खरे. पण ते डांबरी रस्त्यावर आवाज करतात, डिझेल जास्त खातात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायलाही सहसा थोडं जास्त अंतर घेतात. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात दगडगोट्यांवर ज्याची रोजची ये-जा आहे, त्याने ते जरूर घ्यावेत. गोदाकाठच्या चिकट मातीत मात्र त्यांची नक्षीही बुजून जाते. बाकीच्यांना साधे एचटी, म्हणजे हायवे टेरेन टायर पुरे.

कायद्याने नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर लागते. भंडारदऱ्याच्या पावसात तेवढी अपुरी पडते. तीन मिलिमीटर उरले की बदलायची तयारी ठेवावी. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागच्या चाकांना लावावी, कारण ओल्या वळणावर मागचा भाग सरकला तर गाडी सावरणं कठीण जातं. फोर बाय फोर असेल तर चारही एकदम बदलणं शहाणपणाचं.

22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. तरीही कुणी फारच सवलत देत असेल, तर माल जुना नाही ना हे कळायला टायरवरचे उत्पादनाच्या आठवड्याचे चार आकडे पाहावेत. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. हेच आकडे स्टेपनीवरही तपासावेत. काही गाड्यांत ती लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी 80ची मर्यादा छापलेली असते. ती लावून समृद्धीवर चढू नये.