बाळाचे श्वास मोजा

लहान मुलाला सर्दी-खोकला झाला, की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "काही नाही, दोन दिवसांत उतरेल." बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण खोकल्याबरोबर बाळाला धाप लागली, तर तो न्यूमोनिया असू शकतो. खेड्यापाड्यांत याला 'डबा' म्हणतात.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा दाह. फुप्फुसातल्या वायुकोशांत पू किंवा पाणी साठते, रक्ताला प्राणवायू कमी पडतो. ती उणीव भरून काढण्यासाठी बाळ भरभर श्वास घेते. हा आजार जिवाणू, विषाणू आणि क्वचित बुरशीमुळे होतो. कुपोषण, चुलीचा धूर आणि घरातली विडी-सिगारेट यांमुळे धोका वाढतो.

श्रोतेहो, ओळखण्यासाठी हवे फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध पीत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर थेट रुग्णालय गाठा.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून औषध द्यायला शिकवले. तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

जिवाणूंच्या न्यूमोनियावर अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके गुणकारी ठरतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावीत. ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नयेत. विषाणूंवर ती चालत नाहीत. आजार गंभीर असेल, तर इंजेक्शने आणि प्राणवायू लागतो. पोटावर डागणे, बिब्बा घालणे यांनी न्यूमोनिया बरा होत नाही. बाळाला जखम होते आणि मोलाचे तास वाया जातात.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. पेंटाव्हॅलंट, गोवर आणि न्यूमोकोकल लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. न्यूमोकोकलची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात द्यायची असते. या तारखा चुकवू नका.