रुग्णशय्येजवळचा शब्द

जबलपूरला माझी बदली झाली, त्याच वर्षी आई आजारी पडली आणि तिला तेथील एका रुग्णालयात ठेवावे लागले. या शहरातल्या रुग्णालयांत अनेक भाषा एकत्र नांदतात. मंडल्याकडचा गोंड शेतकरी, बुंदेली बोलणारी म्हातारी आणि आमच्यासारखी मराठी माणसे एकाच वॉर्डात शेजारी शेजारी असतात. आईच्या वॉर्डातली शिकाऊ परिचारिका केरळची होती. तिचे हिंदी जेमतेम, आईचे त्याहूनही कमी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईने तिला विचारले, "पोरी, मी बरी होईन ना?" प्रश्न तिला होता, उत्तर आम्हीच देऊन टाकले, "त्यात काय! चार दिवसांत घरी." ती मुलगी मात्र आईच्या समोर स्टुलावर बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारते आणि सात वाजता येऊन सांगते."

सात वाजता ती डॉक्टरांनाच घेऊन आली. शस्त्रक्रिया कठीण आहे, पण न करण्यात धोका अधिक आहे, असे त्यांनी सांगितले. मी त्याचे मराठी करीत होतो. एक वाक्य गाळावे, असा मला मोह झाला. पण मराठीचे अक्षरही न कळणारी ती मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, की ते गाळण्याचे धैर्य मला झाले नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' या आपल्या पुस्तकात पोकळ आश्वासनांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. रुग्णाच्या खोलीत कुजबुजणे त्यांना निर्दयपणाचे वाटे. बोलणाऱ्याने रुग्णाच्या दृष्टीसमोर बसावे, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही, असेही त्या सांगतात. त्यांच्या नावाची परिचर्याशाळा लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात 1860 साली निघाली. मात्र पोकळ आश्वासनांविषयीचा त्यांचा राग मुख्यतः आमच्यासारख्या आप्तेष्टांवरच आहे!

रोगाचे निदान सांगणे हा शिकाऊ परिचारिकेचा अधिकार नव्हे. तरीही तिच्या त्या लहानशा उत्तरात आपल्या ज्ञानाची मर्यादा होती, प्रश्नाचा मान होता आणि दिलेली वेळ पाळण्याची जबाबदारीही होती.

डॉक्टर गेल्यावर आईने माझ्या धाकट्या बहिणीला जवळ बोलावले आणि तिच्याशी बराच वेळ बोलत राहिली. मग ती शांत झोपली. त्या आजारातून ती उठली नाही. 'चार दिवसांत घरी' या आमच्या शब्दांवर सारे थांबले असते, तर ते बोलणे राहूनच गेले असते.

मी सरकारी नोकर. माझ्या टेबलापुढेही चिंतातुर माणसे उभी राहतात, आणि 'बघू, होईल' हे शब्द माझ्याही जिभेवर सदैव तयार असतात. आता ते ओठांवर आले, की मला ते स्टूल आठवते. मग मी समोरच्याला बसावयास सांगतो आणि म्हणतो, "मला ठाऊक नाही, चौकशी करून गुरुवारी कळवितो." अवघड असते ते गुरुवारी कळविणे!