दारातली पातळी

जुन्या फ्लॅटमध्ये सगळ्या घराची फरशी एकदम बदलणं खर्चाला झेपत नाही, म्हणून आधी हॉल करायचा असं ठरतं. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आणि आतल्या खोल्यांत पूर्वीची मोझॅक. रंग कुठला, चकचकीत की मॅट, यावर घरात भरपूर खल होतो. पण नवी फरशी दारात जुन्या फरशीला कोणत्या उंचीवर भेटणार, हे गवंडी दारापर्यंत येईस्तोवर कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की कामाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी. आणि एकच खोली करायची असेल, तर जुनी फरशी काढून नवी तिच्याच पातळीला बसवावी.

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवा, असा सल्ला आज सर्रास मिळतो. तोडफोड नाही, धूळ नाही, डेब्रिज जिन्यावरून उतरवायची मजुरी नाही. हे फायदे खरेच आहेत. पण टाइल 9 ते 10 मिलिमीटर जाड, खालचं अ‍ॅडेसिव्ह 3 ते 5 मिलिमीटर, म्हणजे दारात 12 ते 15 मिलिमीटरची पायरी तयार होते. सपाट जमिनीवर चालताना आपण पाऊल फारसं उचलत नाही. पुढे जाणाऱ्या पायाची बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात, आणि उतारवयात तेवढाही भरवसा राहत नाही. ठेच लागायला नेमकी हीच उंची पुरते. कुणी म्हणेल, पूर्वी घरोघरी उंबरे होतेच की! होते, पण उंबरा चांगला उंच असे, लाकडाचा किंवा दगडाचा, जमिनीहून वेगळा दिसणारा. तो पाहून पाय आपसूक उचलला जाई. रात्री पाणी प्यायला उठलेल्या आजींना सव्वा सेंटिमीटरची कड कशी दिसणार? दारात धातूची पट्टी लावली की कड झाकली जाते, उंची तेवढीच राहते. शिवाय हॉलमध्ये उघडणारं दार खालून तासावं लागतं, ते वेगळंच.

जुनी फरशी काढली की जागेची अडचण उरत नाही. मोझॅक टाइलच 20 ते 25 मिलिमीटर जाड असते, खाली मालाचा थर असतोच. त्यामुळे पातळ नव्या टाइलखाली थर किती भरायचा, ते आपल्या हातात राहतं. हा हिशेब मात्र वरून खाली करायचा. आतल्या मोझॅकला पॉलिश करायचं असेल तर ते आधी उरकावं, कारण मशीन फरशी घासून थोडी खाली नेतं. मग दाराशी जुन्या फरशीपासून एक मीटर वर खूण करून ती पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर न्यावी. दाराच्या दोन्ही बाजूंना माप घ्यावं. फरक निघाला तर जुन्या एक-दोन टाइल्स उचलून पुन्हा बसवणं सोपं, सगळी नवी खोली तिरकी करणं चुकीचं. टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून जी जाडी होईल तेवढी जागा सोडून खालचा थर सपाट करावा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड भरवशाची नसते. अ‍ॅडेसिव्हची जागा हिशेबात धरायलाच हवी.

फोडताना स्लॅबला हादरे बसतील, खालचा पाइप फुटेल, ही भीती रास्त आहे. त्यासाठी पाइप कुठून गेलेत ते आधी पाहावं, एका कोपऱ्यापासून हलक्या हाताने सुरुवात करावी. पातळीच्या बाबतीत बाथरूमची गोष्ट मात्र निराळी. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिची फरशी खालीच हवी. जुनी फरशी काढणं आणि डेब्रिज नेणं कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्यावं. नवी ओळ दारापासून सुरू करायला सांगावी आणि पहिली टाइल बसली की तिथल्या सांध्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून पाहावी, मग ती काढून सांध्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडलं, तर अ‍ॅडेसिव्ह ओलं आहे तोवर ती टाइल उचलायला लावावी.