दूध पुरलं, हात कमी पडले

आम्ही दोघं नवरा-बायको बोलतोय. पहिलंच बाळंतपण, तेही जुळं. थोरली 2 किलो 200 ग्रॅमची, धाकटा 1 किलो 900.

घरी आल्यावर जो तो म्हणे, "दोघांना अंगावरचं कसं पुरणार? पावडरचा डबा आणा." आणलाही. पण उघडायच्या आत आशाताई आल्या. म्हणाल्या, बाळं जितकं ओढतील तितकं दूध येतं. तसंच झालं. मुलगी जोरात ओढायची, धाकटा मात्र पिता पिता झोपायचा. त्याला दर दोन तासांनी उठवायचं, पिळलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं. ओढेनासा झाला किंवा हातपाय गार पडले तर लगेच दवाखाना, हे ताईंनी बजावलं होतं.

पण रात्री कोणाला पाजलं तेच आठवेना. कॅलेंडरवर खुणा केल्या, त्याही चुकल्या. बाराव्या दिवशी पहाटे आई दोघांना मांडीवर घेऊन रडत बसली. आजी उठल्या, मुलगी घेतली. बापानं सदरा काढून धाकट्याला उघड्या छातीशी बांधलं, वरून चादर. दवाखान्यात हे शिकवलं होतं, पण घरी त्याला लाज वाटायची. शेजारी हसलेच. आई चार तास सलग झोपली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून रात्रीची पाळी ठरली. अठ्ठाविसाव्या दिवशी झोळीच्या काट्यावर धाकटा 2 किलो 300 भरला.

डबा मात्र दुकानदार परत घेईना.